गिअरबॉक्सचा बोल्ट आत तुटला तर: स्वतः काम करणाऱ्या ट्रकमालकांसाठी

गळीत हंगाम उरकला की सातारा-सांगलीकडचे बरेच ट्रक काही दिवस दारात उभे राहतात. कारखान्यात पुढच्या हंगामाची मोळी पडायच्या आत गाडी तयार हवी असते. म्हणून पावसाळ्याच्या मोकळ्या दिवसांत गिअरबॉक्सचं ऑइल बदलणं, वरच्या कव्हरचं पॅकिंग बदलणं, पाझरणारं सील पाहणं ही कामं मालक आणि ड्रायव्हर मिळून घरीच काढतात. याच कामात एखादा बोल्ट पान्याखाली आधी जरा मऊ लागतो, मग 'कट्' होतो. मुंडी गोटी पान्यात येते आणि दांडा केसिंगमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कवचात राहतो. या उरलेल्या दांड्यालाच पुढे खुंट म्हटलंय.

अशा वेळी बोल्ट कसा काढायचा यापेक्षा कोणत्या क्रमाने काढायचा हे जास्त महत्त्वाचं. मार्ग बरेच आहेत: भिजवणं, पकडून फिरवणं, तापवणं, नट वेल्ड करणं, ड्रिल करणं, आणि शेवटी आटे नवे बसवणं. यातला प्रत्येक मार्ग वापरला की आधीचा एखादा मार्ग बंद होतो. पकड बसवायच्या खुंटावर घाईने ड्रिल चालवलं की पकड गेली. तिरकं भोक पडलं की सरळ ड्रिल गेलं. इझी-आउट (खुंटात भोक पाडून त्यात घालायचं, तो उलटा फिरवून काढायचं कठीण हत्यार) आत मोडला की साधं ड्रिलच गेलं. म्हणून सर्वांत सौम्य उपाय आधी करायचा आणि तो पुरता वापरून झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आधी गाडी, मग बोल्ट

ट्रक सपाट, टणक जागेवर हवा. शेताच्या बांधावर किंवा ओल्या मुरमावर जॅक खचतो. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा) सोडवला की गाडी गिअरमध्ये टाकून ठेवण्याला काही अर्थ उरत नाही, कारण इंजिनाचा चाकांशी संबंधच तुटतो. काही लहान मालवाहू गाड्यांचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागच्या ड्रमवर असतो. तिथे शाफ्ट काढला की हँडब्रेकही जातो. चॅसी उचलली असेल तर ती भक्कम लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) टेकवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण खाली झोपून ड्रिल करताना कीस सरळ तोंडावर पडतो.

ऑइल काढायचं असेल तर भरायचा प्लग आधी सोडवा, ड्रेन प्लग नंतर. ड्रेन उघडून ऑइल गेलं आणि भरायचा प्लग जाम निघाला, की गाडी तिथेच अडकते.

खुंट नीट पाहा

हातात टॉर्च, वायर ब्रश आणि एक चुंबक घ्या. चुंबक केसिंगला चिकटलं तर केसिंग बिडाचं, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियमचं. पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय यावर ठरतो. मग पाहा: खुंट पृष्ठभागाच्या वर आहे, सपाट आहे की खोल आहे? भोक आरपार आत उघडतं की बंद आहे? बाजूच्या तशाच भोकातला चांगला बोल्ट काढून आत तार घाला. खोली मिळते आणि ऑइल लागतं का तेही कळतं. आरपार भोक असेल तर ड्रिलचा कीस सरळ गिअरवर पडणार, हे आत्ताच लक्षात घ्यायचं.

तुटलेला चेहरा बरंच सांगतो. तुटल्या जागी दांडा बारीक होऊन ओढल्यासारखा किंवा पिळवटलेला दिसत असेल आणि धातू ताजा करडा असेल, तर बोल्ट तुमच्याच जोराने तुटला. तो आत जाम आहे आणि सहज येणार नाही. चेहऱ्याचा एक भाग गुळगुळीत, त्यावर वाळूवर पाण्याच्या खुणा उमटाव्यात तशा कमानी, आणि उरलेला भाग खरखरीत असेल, तर तो थकव्याने तुटला आहे. बोल्ट ढिला पडला, कव्हर थरथरत राहिलं आणि तडा रोज थोडा पुढे सरकला. असा खुंट बहुधा आत सैल असतो. टोकदार पंच कडेला टेकवून डाव्या दिशेने हलक्या हातोडीने टिचक्या मारल्या तरी फिरतो. तडा आतपर्यंत गंजलेला असेल तर तो जुना आहे, आणि बाजूच्या बोल्टांचीही तीच गत असू शकते. उरलेले एकेक करून तपासा.

पश्चिमेकडे, महाबळेश्वर-पाटणच्या पावसात फिरणाऱ्या गाड्यांचे बोल्ट पाण्याने गंजतात. माण, खटाव, जतकडे धूळ आणि ऑइल मिळून आट्यांवर कडक थर बसवतात. ऊस ओढणाऱ्या गाड्यांना शेतातला चिखलही चढतो आणि वॉशिंग रॅम्पवरच्या दाबाच्या पाण्याचा माराही बसतो. ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये पोलादी बोल्ट आणि मध्ये ओल आली की दोन धातूंमधल्या रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झिजतं आणि पांढरी भुकटी तयार होते. ती आट्यांत फुगून बसते. अशा ठिकाणी गंज सोडवणारं ऑइल एकटं क्वचितच पुरतं.

भिजवणं आणि टिचक्या

खुंटाभोवतीचा चिखल, ग्रीस, रंग वायर ब्रशने आणि रॉकेल किंवा डिझेलने धुऊन कोरडा करा. घाणीच्या थरावर औषध फवारलं तर ते घाणच भिजवतं. मग गंज सोडवणारं ऑइल टाका. नेहमीच्या स्प्रेपेक्षा खास त्यासाठी बनवलेलं जास्त आत शिरतं. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळूनही अनेक जण वापरतात. ते वेगळं होत राहतं म्हणून दर वेळी हलवून घ्यावं लागतं आणि ते झटकन पेट घेतं, त्यामुळे तापवायचा बेत असेल त्या दिवशी ते वापरू नका.

ऑइल टाकल्यावर खुंटाच्या डोक्यावर सरळ, मध्यम जोराच्या वीस-पंचवीस टिचक्या मारा. ठोक्याने गंजाचा थर तडकतो आणि ऑइलला वाट मिळते. बिडाला आडवा फटका कधीही मारू नका. बीड वाकत नाही, तुकडाच पडतो. दोन-तीन तासांनी पुन्हा ऑइल, पुन्हा टिचक्या, आणि शक्य असेल तर रात्रभर तसंच ठेवा. या एका रात्रीमुळे पुढचं निम्मं काम वाचतं.

खुंट बाहेर असेल तर

पाच-सहा मिलिमीटर तरी बाहेर असेल तर व्हाइस ग्रिप घट्ट लावा. पकड घसरत असेल तर कानशीने खुंटाला समोरासमोर दोन सपाट बाजू पाडा आणि त्यावर नेमका पाना बसवा. आट्याचा भाग दोन नट बसतील इतका बाहेर असेल तर दोन नट एकमेकांवर आवळा आणि आतला नट सोडवायच्या दिशेने फिरवा.

जोर एका दिशेने लावत बसू नका. आधी किंचित आवळा, मग सोडवा, पुन्हा आवळा. पाव-अर्धा पेच हलला की ऑइल टाका आणि पुन्हा मागे-पुढे. सोडवताना करकर आवाज आला की परत आवळून ती घाण मागे सारायची. पान्यात पाईप घालून लांबी वाढवणं इथे नुकसानीचं ठरतं. आधीच कमकुवत झालेला खुंट दुसऱ्यांदा तुटतो आणि या वेळी पृष्ठभागाच्या आत.

तापवताना

तापवायच्या आधी ऑइल पूर्ण काढलेलं असलं पाहिजे आणि जागा फडक्याने कोरडी केलेली हवी. शेजारी वाळूची बादली आणि अग्निशामक ठेवा. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वापरलेल्या जागी ज्वाला किंवा वेल्डिंग लावलं तर फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो. म्हणून धुण्यासाठी रॉकेल वापरा आणि ते पूर्ण उडून जाऊ द्या.

ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. त्यामुळे केसिंग नुसतं कडक गरम झालं तरी बोल्टाभोवतीची पकड सैल होते. थेंबभर पाणी टाकलं आणि ते लगेच चर्र करून उडालं की पुरे. थेंब मोत्यासारखे नाचायला लागले की ताप जास्त झाला. ॲल्युमिनियम लाल होत नाही; साधारण ६६० अंशांना ते वितळतं, मिश्रधातू त्याच्याही आधी, आणि वितळेपर्यंत रंगाने कसलीच सूचना मिळत नाही. हॉट एअर गन असेल तर ती इथे गॅसपेक्षा चांगली.

बीड आणि पोलाद मात्र जवळजवळ सारखंच फुगतं. दोन्ही सावकाश एकत्र तापवले तर काहीच मिळत नाही. बिडात बोल्टाभोवतीचा भाग झटकन तापवायचा, आतला खुंट शक्य तितका थंड ठेवायचा, आणि ताप उतरताना फिरवायचा. दोन-तीन वेळा तापून-निवून गंजाची पकड सुटते. बीड गरम असताना पाणी ओतू नका, तडा जातो. गरम सांध्याला मेणबत्ती टेकवली तर वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं.

सील जवळ असेल तर ज्वाला लावायचीच नाही. नायट्राइल रबराचं सील साधारण १०० ते १२० अंशांपलीकडे टिकत नाही. उलट आधी कुणी लाल रंगाचं कायमचं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ नयेत म्हणून लावायचा डिंक) लावलं असेल तर ते सुमारे २५० अंशांशिवाय सुटत नाही. अशा ठिकाणी आधी सील काढा, मग तापवा आणि नंतर नवं सील बसवा.

नट वेल्ड करणं: सर्वांत भरवशाचा उपाय

खुंट सपाट असो वा दोन-तीन मिलिमीटर आत, चांगला वेल्डर हाताशी असेल तर ड्रिलआधी हा उपाय करा. यात दोन फायदे एकदम मिळतात: पकडायला नवी मुंडी मिळते, आणि वेल्डिंगच्या तापाने खुंट फुगून दबतो, निवताना आखडतो आणि गंजाची पकड तोडतो.

खुंटाचा चेहरा चकचकीत करा. त्यावर मध्यभागी वॉशर ठेवा, वॉशरच्या भोकातून खुंटावर वेल्डिंगचा टाका भरून थोडा उंचवटा करा. मग एक मापाने मोठा नट त्यावर ठेवून नटाच्या आतून भरा. एम १० च्या (१० मिलिमीटर जाडीच्या) खुंटाला एम १२ चा नट चालतो. नट जस्ताचा मुलामा दिलेला नसावा. असेल तर मुलामा घासून काढा, कारण जस्ताचा धूर बाधतो आणि टाकाही कच्चा बसतो. एमआयजी (तारेचं गॅस वेल्डिंग मशीन) असेल तर उत्तम. नाहीतर कमी हायड्रोजनची ७०१८ ची २.५ मिलिमीटर कांडी, कोरडी. दमट कांडीचा टाका बोल्टच्या कठीण पोलादावर ठिसूळ होतो.

ॲल्युमिनियमच्या केसिंगला पोलादी टाका चिकटत नाही, त्यामुळे तिथे हा उपाय फार सोपा जातो. बिडाला मात्र चिकटतो, म्हणून वॉशर आवश्यकच आणि टाका खुंटाच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही.

अर्थिंगची चिमटी केसिंगवरच, खुंटाच्या शेजारी, साफ केलेल्या जागी लावा. ती चॅसीवर लांब कुठेतरी लावली तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो, गोळ्यांवर आणि रेसवर बारीक खड्डे पडतात, आणि महिन्याभराने गिअरबॉक्स घोंघावायला लागला की कारण कुणाच्या लक्षात येत नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांत बॅटरीची वायर काढून भागत नाही. कंपनीच्या सूचनेप्रमाणे ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीचे) कनेक्टरही सोडवून ठेवा.

वेल्ड झाल्यावर लालपणा जाऊ द्या. मिनिटभराने, अजून गरम असतानाच, रिंग पान्याने हळू मागे-पुढे करा. नट तुटून आला तर निराश होऊ नका. पुन्हा साफ करा, पुन्हा भरा. प्रत्येक वेळी खुंटाला नवा ताप मिळतो, आणि बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या वेळी तो सुटतो.

ड्रिल: मध्य चुकला की काम वाढतं

ड्रिलमध्ये बहुतेक नुकसान पहिल्या मिनिटात होतं. तुटलेला चेहरा कधीच सपाट नसतो, त्यामुळे ड्रिल उताराकडे घसरतं. बोल्टाचं पोलाद कठीण आणि भोवतालचं ॲल्युमिनियम मऊ, म्हणून एकदा घसरलं की ते मऊ धातूच खात जातं आणि आटे एका बाजूने उडतात.

चेहरा आधी कानशीने किंवा लहान ग्राइंडिंग स्टोनने सपाट करा. मध्य डोळ्याने ठरवू नका. खुंट खोल असेल तर त्याच मापाचा चांगला बोल्ट घ्या, त्याला लेथवर मधोमध ३ मिलिमीटरचं आरपार भोक पाडून घ्या आणि तो खुंटावर टेकेपर्यंत फिरवून बसवा. त्या भोकातून ड्रिल सोडलं की ते मध्यावरच जातं. खुंट सपाट असेल तर कव्हर इतर बोल्टांनी जागेवर आवळा आणि त्याच्या भोकात नेमका बसेल असा बुश वापरा. कुपवाड, मिरज, सातारा इथल्या औद्योगिक वसाहतींच्या परिसरात लेथवाले बरेच आहेत आणि असा बुश हे त्यांच्यासाठी थोड्या वेळाचं काम आहे. हा बुश करून घेण्याचा कंटाळा करू नये. तोच पूर्ण केसिंग वाचवतो.

शक्य असेल तर डाव्या पिळाचं ड्रिल घ्या आणि मशीन उलटं चालवा. ड्रिल करता करता खुंटाला सोडवायच्याच दिशेने ओढ बसते आणि आतला ताण कमी झाला की अनेकदा खुंट आपोआप बाहेर येतो. ३ मिलिमीटरने सुरुवात करा, मग ५, मग ६.५. ८.८ दर्जाच्या बोल्टाला (हा ताकदीचा आकडा मुंडीवर असतो) चांगलं एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टीलचं ड्रिल चालतं. १०.९ चा असेल तर कोबाल्टचं घ्या. वेग कमी, दाब ठाम. ३ मिलिमीटरच्या ड्रिलला साधारण हजार ते दीड हजार फेरे आणि ६ मिलिमीटरला पाचशे-सहाशे पुरे. ड्रिल घासत राहिलं आणि कापलं नाही तर तळ तापून आणखी कठीण होतो. कटिंग ऑइल टाकत राहा आणि कीस सलग येतोय का ते पाहा.

ड्रिलवर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळा. भोक आरपार असेल तर कव्हर काढून आत स्वच्छ फडकं कोंबा आणि ड्रिलला ग्रीस फासा म्हणजे कीस त्याला चिकटेल. शेवटचे एक-दोन मिलिमीटर फार सावकाश. नंतर चुंबक आणि व्हॅक्यूमने सगळं ओढून घ्या, मगच फडकं काढा. हवा मारायची नाही, ती कीस आतच उडवते.

इझी-आउट कधी वापरायचा

खुंट भिजवून, तापवून थोडाफार सैल झाला असेल तेव्हाच. जाम खुंटावर इझी-आउट मोडतो, आणि तो इतका कठीण असतो की नंतर साधं ड्रिल त्यावर ओरखडाही काढत नाही. मग कार्बाइडचा बर किंवा स्पार्क मशीन असलेली टूलरूम, एवढेच मार्ग उरतात, आणि त्यासाठी बहुतेक वेळा केसिंग उतरवून न्यावं लागतं.

पिळाचा इझी-आउट जितका घट्ट होतो तितका खुंटाला बाहेर फुगवतो, म्हणजे जी पकड सोडवायची तीच वाढवतो. सरळ धारांचा प्रकार यासाठी बरा. भोकाचं माप इझी-आउटवर किंवा त्याच्या डबीवर दिलेलं असतं, तेच पाडा. फिरवायला टॅप हँडल (टॅप म्हणजे आटे पाडायचं हत्यार, त्याची दुहाती मूठ) वापरा, म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखा जोर लागतो. एका बाजूने पाना लावला तर तो वाकून मोडतो. इम्पॅक्ट गन तर मुळीच नको. हाताला स्प्रिंगसारखी लवचिकता लागली की थांबा, काढा आणि पुन्हा तापवा.

याने सुटलं नाही तर भोक मोठं करत जा. मध्य बरोबर असेल तर आट्याच्या मुळापर्यंतचं माप असं: एम ८ ला ६.८, एम १० ला ८.५, एम १२ ला १०.२ मिलिमीटर. हे नेहमीच्या जाड आट्यांचं आहे. बारीक आटे असतील तर माप बदलतं: एम १० बाय १.२५ ला ८.८ आणि एम १२ बाय १.५ ला १०.५. म्हणून आधी शेजारच्या बोल्टाला पिच गेज (दोन आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) लावून पाहा. शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरआधी थांबलात तर बोल्टाची पातळ सालच उरते; टोकदार पोकरने ती आत ढकला आणि चिमट्याने आट्यांतून तारेसारखी ओढून काढा. मग त्याच मापाचा टॅप ऑइल लावून हाताने फिरवा. अर्धा पेच पुढे, पाव मागे.

आटे गेले असतील तर

हेलिकॉइल (खराब भोकात नवे आटे देणारं तारेचं वेटोळं) बसवणं म्हणजे तडजोड नव्हे. ॲल्युमिनियममध्ये नीट बसवलेलं हेलिकॉइल मूळ आट्यांपेक्षा जास्त ताण घेतं. एम ८ ला साधारण ८.३, एम १० ला १०.४ मिलिमीटरचं ड्रिल लागतं, पण किटसोबत आलेलं किंवा किटवर लिहिलेलं मापच पाळा. टॅपही किटचाच, साधा टॅप चालत नाही. एम १० ला १५ मिलिमीटर, म्हणजे जाडीच्या दीडपट लांबीचं कॉइल घ्या. ते पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा पेच आत राहिलं पाहिजे, नाहीतर कव्हर त्यावर टेकतं. शेवटी तळाची शेपटी तोडा आणि ती बाहेर काढा. आरपार भोकात ती गिअरवर पडते, म्हणून आधी आत ग्रीस लावलेलं फडकं हवंच.

भोक इतकं खराब झालं असेल की कॉइललाही धातू नाही, तर लेथवर बाहेरून एम १४ आणि आतून एम १० असा पोलादी बुश करून बसवता येतो. भोवती किमान पाच-सहा मिलिमीटर धातू शिल्लक असेल तरच. बिडाच्या केसिंगचा कान तुटला असेल तर रस्त्याकडेच्या वेल्डिंगला देऊ नका. बीड जोडणं वेगळं काम आहे. निकेलची कांडी, सावकाश तापवणं आणि त्याहून सावकाश निववणं हे माहीत असणाऱ्याकडेच ते न्या.

कुठे थांबायचं

वरच्या कव्हरच्या आठ-दहा बोल्टांपैकी एक तुटला आणि ऑइल पाझरत नसेल, तर रिकामी गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घंटेसारखं कवच), गिअरबॉक्सचे माउंटिंग आणि प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजचे बोल्ट यांत ही सवलत नाही. त्यातला एक गेला की बाकीच्यांवर भार जातो, आणि खंबाटकीसारख्या घाटात भरल्या गाडीचा प्रोपेलर सुटला तर परिणाम फार भयंकर होतात. बेल हाउसिंगचा बोल्ट इंजिनाच्या बाजूला तुटला तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. ट्रकचा गिअरबॉक्स बहुधा शंभर किलोच्या पुढेच असतो, मोठ्या गाड्यांत दोन-तीनशेपर्यंत. गिअरबॉक्स जॅक नसेल तर दोन-चार माणसं आणि साखळीवर हे काम करू नका.

नवा बोल्ट घालताना

जुना बोल्ट का तुटला याचं उत्तर मिळाल्याशिवाय नवा घालू नका. बंद भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं आणि बोल्ट आवळला तर द्रव दबत नाही; बोल्ट आवळल्यासारखा वाटतो, कव्हर सैलच राहतं, आणि जोर जास्त झाला तर केसिंगला तडा जातो. बंद भोक फडक्याने टिपून, डोळ्यांवर गॉगल ठेवून हवेने साफ करा. दुसरं कारण बोल्ट लांब असणं: तो तळाला टेकतो आणि कव्हरला दाब मिळतच नाही. जुन्या बोल्टाशी लांबी मोजूनच घ्या. मुंडीवर ८.८ किंवा १०.९ जे मूळ असेल तेच. ८.८ च्या जागी १०.९ घालून ॲल्युमिनियमचे आटे मजबूत होत नाहीत. फक्त बोल्टाऐवजी आटे तुटायची सोय होते.

टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, कंपनीच्या पुस्तकातलाच पाळा. पुस्तक नसेल तर अंदाजासाठी: ८.८ दर्जा, पोलाद किंवा बीड, कोरडे आटे, एम ८ ला सुमारे २५ न्यूटन-मीटर, एम १० ला ४८ ते ५०, एम १२ ला ८५. ॲल्युमिनियमसाठी याहून कमी. आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावलं तर त्याच टॉर्कला ताण बराच वाढतो, म्हणून आकडा २० ते २५ टक्के खाली आणा.

आरपार भोकातल्या बोल्टाला निळं, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर लावा. ते ऑइलचं पाझरणंही थांबवतं, पण आटे पूर्ण कोरडे आणि स्वच्छ असतील तरच धरतं. लाल नको, पुढच्या वेळी पुन्हा हीच वेळ येते. सगळे बोल्ट आधी हाताने दोन-तीन पेच घालून पाहा. अडला तर पाना लावू नका, तिरका बसलाय. मग आमनेसामने क्रमाने तीन टप्प्यांत आवळा.

ऑइल गाडी सपाट असताना, लेव्हल प्लगच्या कडेपर्यंत. ग्रेड पुस्तकात दिलेलाच घ्या. सिंक्रोच्या रिंगा (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) पितळेच्या असतील आणि पुस्तकात जीएल ४ हा गिअर ऑइलचा दर्जा सांगितला असेल, तर 'जास्त चांगलं' म्हणून जीएल ५ भरू नका. त्यातली काही रसायनं पिवळ्या धातूला मारक ठरतात. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडी मऊ पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज. चकचकीत पापुद्रे किंवा तुकडे दिसले तर आतली तपासणी आधी.

जुनं ऑइल गटारात, बांधावर किंवा कृष्णेकडे जाणाऱ्या ओढ्यात ओतू नका. ते घातक कचऱ्यात मोडतं. बंद कॅनमध्ये साठवा आणि नोंदणीकृत रिसायकलरकडे जाणाऱ्या गॅरेजला किंवा ऑइल विक्रेत्याला द्या.

पहिली फेरी रिकामी आणि जवळची ठेवा, सगळे गिअर वर-खाली करून. थ्रेडलॉकर लावलं असेल तर २४ तास थांबून मगच. पन्नास-एक किलोमीटरनंतर गाडी निवल्यावर खाली जाऊन कव्हरची कड कोरड्या बोटाने फिरवून पाहा. थ्रेडलॉकर न लावलेले बोल्ट एकदा टॉर्क रेंचने तपासा. लावलेले हलवू नका, नाहीतर धरलेला थर तुटतो. बोल्टाच्या मुंडीवरून केसिंगवर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली, तर हंगामात ऊस भरायला रांगेत उभं असतानाही नुसत्या नजरेने कळतं की कोणता बोल्ट सरकला आहे.